पाच नंबरचे पहिले तीन सेकंद

कोल्हापुरातला कॉलेजचा बास्केटबॉल संघ. यादीत बारा जण, सरावाला नेमानं येणारे आठ-नऊ. मैदान उघड्यावरचं, सिमेंटचं. तिन्ही गार्ड, म्हणजे बॉल पुढं नेणारे छोटे खेळाडू, पेठेतल्या फुटबॉलमधून आलेले, उंची साडेपाच ते पावणेसहा फूट, दम मात्र न संपणारा. सेंटर, म्हणजे रिंगजवळ खेळणारा उंच पाच नंबर, सहा फूट चार इंच, वजन ९४ किलो, शाळेत असताना तालमीत जोर-बैठका काढलेला. हाताशी अशी पोरं असल्यावर प्रशिक्षकानं ‘यंदा पळून खेळायचं’ असं ठरवलं, तर ते बरोबरच आहे. बॉल हातात आला की आठ-दहा सेकंदांत शॉट, समोरच्यांचा बचाव जागेवर बसायच्या आत.

हा संघ खरा एकच नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातल्या कॉलेज संघांत जे वारंवार दिसतं ते एका ठिकाणी आणून हे प्रकरण मांडलं आहे. खेळाडूंचे आकडेही त्याच बेताचे, नमुन्यादाखल धरावेत. मैदानाची मापं, नियम आणि एनबीएचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे) दाखले मात्र खरे आहेत.

पहिल्या काही सराव सामन्यांत चित्र एकच दिसलं. गार्ड सुसाट पुढं, सेंटर मध्यरेषेच्या अलीकडं. तीन बचावपटूंसमोर दोघे जाऊन पडतात, शॉट चुकला तर रिबाऊंडला, म्हणजे परत उसळलेला बॉल पकडायला, आपलं कुणीच नाही. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत सेंटर कमरेवर हात ठेवून उभा, आणि चौथ्यात त्याचा चौथा फाउल. मग बाकावरून ठरलेला सल्ला येतो: ‘सर, त्याला बसवा, चार नंबरला सेंटर खेळवा.’ चार नंबर म्हणजे सहा फूट एक इंचाचा सडपातळ पोरगा, आधी फुटबॉलचा गोलकीपर. पळण्यात पहिल्या तिघांत.

बदली करून बघितली तेव्हा

दोन सामने गोलकीपर सेंटर खेळला आणि ब्रेक, म्हणजे बॉल मिळताच केलेल्या झटपट चढाया, आणखी कमी झाले. कारण साधं होतं. पळायला आधी बॉल लागतो. समोरच्या संघाचा सेंटर त्याच्या पाठीवर टेकून उभा राहायचा, चुकलेला शॉट उचलायचा आणि पुन्हा टाकायचा. आक्रमक संघानं आपलाच चुकलेला शॉट रिंगला लागल्यावर उचलला की त्याला पुढचा शॉट मारायला नवे १४ सेकंद मिळतात. म्हणजे बचाव करणाऱ्यानं आणखी १४ सेकंद उभं राहून सोसायचं. तीन-चार वेळा असं झालं की गार्डही पुढं पळायचं सोडून रिबाऊंडला मागं येतात. तिथंच वेगवान खेळ संपतो, मग संघात कितीही धावपटू असोत.

‘वेगवान खेळ म्हणजे वेगवान सेंटर’ या समजुतीनं इथं बऱ्याच संघांचं नुकसान केलं आहे. बिल रसेल १९५६-५७ ते १९६८-६९ या १३ हंगामांत बॉस्टन सेल्टिक्सकडून खेळला आणि त्यातली ११ विजेतेपदं संघानं घेतली. त्या संघाचा फास्ट ब्रेक प्रसिद्ध, पण त्याची सुरुवात रसेलच्या रिबाऊंडनं आणि ब्लॉकनं, म्हणजे समोरच्याचा शॉट हवेत अडवण्यानं, व्हायची. तो ब्लॉक केलेला बॉल प्रेक्षकांत भिरकावून देत नसे, मैदानातच ठेवायचा, म्हणजे तो आपल्या माणसाला मिळे. बॉल बाहेर घालवला की टाळ्या मिळतात आणि बॉल पुन्हा समोरच्यांकडंच जातो, हे आपल्याकडच्या उंच पोरांना पहिल्या दिवशी सांगायला हवं.

गोलकीपरला बसवायचं नव्हतं. पण त्याला घेण्याआधी मोठ्या सेंटरचा वेळ नेमका कुठं जातो ते मोजणं भाग होतं.

मोजणी

साधन म्हणजे एक मोबाइल. मैदानाशेजारच्या इमारतीच्या गच्चीवर, अख्खं मैदान दिसेल असा ठेवलेला. नेहमीच्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं येतात, या कामाला तेवढी पुरतात. प्रत्येक बचावात्मक रिबाऊंडला चार क्षण टिपायचे: बॉल दोन्ही हातांत आला तो, बॉल हातातून सुटला तो, सेंटरनं मध्यरेषा ओलांडली तो, आणि समोरच्या पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या आखलेल्या चौकटीत, त्याचा पाय पडला तो. एका सामन्यातले १५-२० रिबाऊंड घेतले की चित्र स्पष्ट होतं.

मैदान २८ मीटर लांब. रिबाऊंड घेतलेल्या जागेपासून समोरच्या रिंगच्या तोंडापर्यंत साधारण २४ मीटर. आपला ९४ किलोचा गडी हे अंतर उभ्यानं सुटून साडेचार सेकंदांत कापत होता, गोलकीपर चार सेकंदांत. फरक अर्ध्या सेकंदाचा. ज्याच्यावरून बाकावर एवढी चर्चा चालली होती तो फरक इतकाच.

खरा वेळ पळायच्या आधी जात होता. बॉल हातात आल्यापासून सुटेपर्यंत जवळपास दोन सेकंद. पास दिल्यावर तो कुठं गेला हे बघत उभं राहण्यात आणखी एक. म्हणजे पहिलं पाऊल पडायच्या आत तीन सेकंद खर्च, आणि एवढ्या वेळात गार्ड मध्यरेषेच्या पार. पळायला हळू म्हणून तो मागं राहत नव्हता, निघायलाच उशीर होत होता.

त्या दोन सेकंदांत काय घडतं ते चित्र थांबवून थांबवून पाहिलं. पोरगा उडी मारतो, बॉल घेतो, तोंड बोर्डाकडंच ठेवून खाली येतो. खाली येताना बॉल पोटापाशी आणतो. समोरचा छोटा गार्ड लगेच हात घालतो, म्हणून हा बॉल कवटाळून वाकतो. मग सुटण्यासाठी एक ड्रिबल, मग वळणं, मग मान वर करून ‘कोण मोकळं आहे’ हा शोध. तोवर आउटलेट, म्हणजे रिबाऊंडनंतरचा पहिला पास, घ्यायला आलेला गार्ड कंटाळून पुढं निघालेला किंवा झाकला गेलेला असतो. कवटाळायची सवय बहुधा तालमीतली असावी, कारण तिथं पकड सैल झाली की डाव गेला.

रिबाऊंड ते आउटलेट

दुरुस्ती हवेतच सुरू होते. बॉल बोटांत आला की खाली येता येता बाजूच्या रेषेकडं पाव वळण घ्यायचं, जवळच्या रेषेकडं. पाय खांद्यांपेक्षा रुंद पडले पाहिजेत. बॉल हनुवटीखाली, कोपर बाहेर, आणि तो कमरेखाली कधीच न्यायचा नाही. कोपर बाहेर ठेवायचे, पण फिरवायचे नाहीत. पंचानं पाहिलं तर फाउल आणि कुणाच्या नाकाला लागलं तर भांडण.

पास डोक्यावरून, दोन्ही हातांनी. छातीवरून दिलेला पास समोरच्याच्या हाताच्या उंचीवरून जातो आणि तिथंच अडतो. वेस अनसेल्ड सहा फूट सात इंचांचा, सेंटर म्हणून बुटकाच, पण रिबाऊंड घेऊन डोक्यावरून दिलेले त्याचे लांब पास आजही नमुना म्हणून दाखवतात. १९६८-६९ च्या आपल्या पहिल्याच हंगामात तो एनबीएचा सर्वोत्तम नवोदित आणि सर्वोत्तम खेळाडू असा दोन्ही ठरला. ज्या प्रशिक्षकांना साडेसहा फुटांचा पोरगा मिळत नाही त्यांनी त्याच्या चित्रफिती जरूर बघाव्यात.

अर्धी जबाबदारी गार्डची. त्यानं फ्री थ्रोच्या रेषेच्या पातळीवर, बाजूच्या रेषेपासून दोन पावलं आत, रेषेकडं पाठ करून उभं राहायचं आणि ‘आउट!’ असं मोठ्यानं ओरडायचं. पाठ रेषेकडं असली की अख्खं मैदान दिसतं. आवाज हवाच, कारण सेंटरनं शोधायचं नसतं, ऐकायचं असतं. पास गार्डच्या बाहेरच्या खांद्यावर, रेषेच्या बाजूला. रिंगखालून मधोमध पास द्यायचा नाही, कारण तो कापला गेला की समोरच्यांना रिंगखालून फुकटचा लेअप, म्हणजे सोपा शॉट, मिळतो. आउटलेटवर झाकलेला गार्ड तिथं ताटकळत नाही. तो मध्याकडं कापतो आणि दुसरा गार्ड त्याची जागा घेतो. दोघेही झाकले असतील तर सेंटरला एकच जोरकस ड्रिबल, बाजूच्या दिशेनं, मग पास.

सराव असा: प्रशिक्षक बोर्डावर बॉल मारतो, सेंटर घेतो, वळतो, देतो. दहा उजवीकडं, दहा डावीकडं. पहिल्या आठवड्यात कुणी आडवं येत नाही. दुसऱ्यापासून एक छोटा गार्ड बॉलवर हात घालतो, तिसऱ्यापासून आणखी एक आउटलेट झाकतो. सिमेंटवर एका सत्रात चाळीसच्या वर उड्या नकोत. गुडघे पुढच्या वर्षीही लागणार आहेत.

सहाएक आठवड्यांनी बॉल हातात राहण्याचा वेळ सव्वा सेकंदावर आला. एक सेकंदाखाली यायला आणखी एक हंगाम लागेल, कारण शेवटचा पाव सेकंद डोळ्यांचा असतो: रिबाऊंडला उडी मारायच्या आधीच आपला गार्ड कोणत्या बाजूला आहे हे पाहून ठेवणं. निकोला योकिच त्यातला उस्ताद. पळण्यात एनबीएतल्या चपळ सेंटरांत त्याला कुणी धरणार नाही, तरी तो रिबाऊंड घेताक्षणी बॉल मैदानभर पुढं भिरकावतो. तो २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या फेरीत, ४१ वा निवडला गेला आणि पुढं २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये सर्वोत्तम खेळाडू ठरला. बॉल कोणत्याही पायांपेक्षा वेगानं जातो, हे त्याच्याकडं बघून पटतं.

पास दिल्यावर

इथला नियम एका ओळीचा: बॉल सुटला की बघायचं नाही, पळायचं. पहिली तीन पावलं मान खाली घालून, नजर मध्यरेषेवर. मध्यरेषेनंतर बॉलच्या बाजूच्या खांद्यावरून मागं बघायचं. वाट सरळ, रिंग ते रिंग. हा पोरगा बॉलच्या मागं बाजूनं वळसा घालत पळायचा. त्यात दोन-तीन मीटर जादा पडायचे, शिवाय गार्डच्या वाटेत गर्दी व्हायची.

सेंटरनं पेंटमध्ये घुसण्याचा फायदा गुणफलकावर त्याच्या नावापुढं लागत नाही. तो रिंगकडं धावला की दोन बचावपटूंना त्याच्याबरोबर आत यावंच लागतं, आणि कोपऱ्यातला माणूस मोकळा होतो. तीन गुणांची रेषा समोर ६.७५ मीटरवर आहे, कोपऱ्यात ६.६० मीटरवर. मोकळ्या माणसाला तिथला शॉट सर्वांत सोयीचा. पण ज्याच्या धावण्यानं हे घडतं त्याला दहा वेळा पळून एकदाही बॉल मिळाला नाही, तर अकराव्यांदा तो चालतच येणार. याला आळस म्हणू नये. म्हणून गार्डांना ताकीद: पहिल्या क्वार्टरमध्ये किमान दोन वेळा बॉल त्याच्या हातात गेलाच पाहिजे, भले तिथून बास्केट होवो न होवो. हे ठरवल्यावर जेवढं पळणं वाढलं तेवढं कोणत्याही शिक्षेनं वाढलं नसतं.

आत पोचल्यावर पास आला नाही तर दोन मोजायचे आणि बाहेर. पेंटमध्ये तीन सेकंदांचा नियम आहे, आणि पळून दमलेला सेंटर नेमका तिथंच उभा राहून दम खातो. बाहेर म्हणजे बॉलच्या विरुद्ध बाजूला, शेवटच्या रेषेजवळ, पेंटला लागून. तिथून एका पावलात परत आत येता येतं आणि गार्डला आत घुसायला मधली जागा मोकळी मिळते.

समोरच्यांनी बास्केट केल्यावर

इथं हा संघ सर्वांत जास्त वेळ फुकट घालवत होता. बास्केट झाली की सगळे एकमेकांकडं बघायचे, बॉल टप्पे खात जायचा, मग कुणीतरी आणायचा. नियम आपल्या बाजूनं आहे: बास्केटनंतर बॉल आत टाकणारा शेवटच्या रेषेमागं हवा तिकडं पळू शकतो, त्याला पाच सेकंद असतात, आणि त्यानंतर आठ सेकंदांत बॉल मध्यरेषेपार नेला की झालं. पण त्यासाठी बॉल कोण उचलणार हे आधी ठरलेलं हवं.

अमेरिकेतल्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाच्या संघानं पॉल वेस्टहेडच्या हाताखाली १९८९-९० च्या हंगामात सामन्यामागं सरासरी १२२.४ गुण केले. त्या पद्धतीचा गाभा हाच होता की प्रत्येक नंबरची वाट ठरलेली. एक उंच माणूस जाळीतून बॉल घेऊन आत टाकणार, दुसरा थेट समोरच्या रिंगकडं. आपल्या संघात हे काम गोलकीपरला दिलं. बॉल जाळीतून पडताना टप्पा पडायच्या आत झेलायचा, दोन्ही पाय रेषेबाहेर टाकायचे आणि फेकायचा. गोलकीपरचा हात लांब फेकीला सरावलेला होताच. मोठा सेंटर बास्केट पडताक्षणी निघतो. आत टाकण्याचं काम त्याच्याकडं नसल्यानं तो पहिल्यांदाच गार्डांच्या बरोबरीनं पुढं पोचू लागला.

सुरुवातीला एक घोळ वारंवार झाला. घाईत फेकणाऱ्याचा पाय रेषेच्या आत मैदानात पडायचा, पंच शिट्टी मारायचा, बॉल समोरच्यांना. त्यावर उपाय म्हणजे एक पूर्ण पाऊल मागं टाकूनच फेकायचं.

ब्रेक अडला तर

प्रत्येक ब्रेक पूर्णत्वाला जात नाही, आणि सेंटर दर वेळी पहिल्या लाटेत पोचत नाही. मागून येतो तेव्हा तो ट्रेलर. त्यानं थेट पेंटमध्ये न घुसता बॉल असलेल्या गार्डच्या बचावपटूला, तीन गुणांच्या रेषेच्या जरा बाहेर, स्क्रीन लावायचं, म्हणजे वाटेत उभं राहून त्याला अडवायचं. पाय रुंद, हात छातीशी, आणि टेकण्याआधी पूर्ण थांबायचं. पळत पळत लावलेला स्क्रीन हा आपल्या सेंटरांच्या फाउलचा मोठा कारखाना आहे. स्क्रीन लावून झालं की वळून रिंगकडं, हात वर.

एनबीएतल्या फिनिक्स सन्सनी २००३-०४ मध्ये २९ सामने जिंकले होते. प्रशिक्षक माइक डी’अँटोनी आणि गार्ड स्टीव्ह नॅशच्या जोडीनं पुढच्याच हंगामात ६२ जिंकले. सेंटरच्या जागी अमारे स्टॉडमायर, सहा फूट दहा इंच, सामन्यामागं २६ गुण, त्यातले कित्येक याच स्क्रीननंतरच्या धावेतून. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळं तो २००५-०६ मध्ये तीनच सामने खेळला, तेव्हा बोरिस डिआव सेंटरला उभा राहिला. त्याची उडी तशी नव्हती, पण स्क्रीननंतर मध्यावर बॉल घेऊन पास द्यायची अक्कल होती. संघानं ५४ जिंकले. एकाच पद्धतीत दोन अगदी वेगळे सेंटर चालले. फेब्रुवारी २००८ मध्ये त्याच संघानं शॉन मॅरियन देऊन शकील ओ’नील आणला, आणि हंगामाअखेरच्या प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत सॅन अँटोनियोकडून १-४ ने हरला. पराभवाची कारणं एकाच माणसात शोधू नयेत. पण पळत्या संघात पस्तिशीचा अवजड सेंटर बसवला की बाकीच्या चौघांची चालही बदलते, हे तिथं दिसलं.

दम

पोरगा रोज सकाळी रंकाळ्याला पाच किलोमीटर पळत होता आणि तरी तिसऱ्या क्वार्टरला संपत होता. यात नवल नाही. सामन्यात सलग पाच किलोमीटर कुणी पळत नाही. चार-पाच सेकंद जीव तोडून, मग ढकलाढकली, मग पुन्हा. म्हणून रंकाळा आठवड्यातून एक दिवस ठेवला आणि बाकीच्या दिवसांपैकी तीन दिवस मैदानावर २८ मीटरच्या सहा धावा, दोन धावांमध्ये २० सेकंद. असे तीन संच, मध्ये दोन मिनिटं विश्रांती. शेवटच्या संचानंतर लगेच दहा फ्री थ्रो, कारण रिंगकडं पळणाऱ्या सेंटरला फाउल बसतात आणि ते शॉट धापा टाकतच मारावे लागतात. बैठका बंद केल्या नाहीत. रिबाऊंडला पाठ लावून समोरच्याला दूर ठेवण्याची ताकद त्यातूनच आली आहे. आणि संध्याकाळच्या सरावाआधी मिसळ खाऊन येणाऱ्याला धावा लावण्यात अर्थ नाही, हेही एकदाचं सांगून टाकलं.

सामन्यात त्याला सलग पाच मिनिटांच्या वर ठेवायचं नाही. दहा मिनिटांच्या क्वार्टरमध्ये पहिली पाच तो, मग अडीच मिनिटं गोलकीपर, मग परत तो. दमलेला सेंटर पाय हलवत नाही, हात घालतो, आणि पाच फाउलांचा हिशेब तिथं संपतो. विश्रांती बांधून दिल्यावर चौथ्या क्वार्टरला त्याच्या नावावर दोन-तीनच फाउल असायला लागले.

जे अजून सुटलेलं नाही

समोरचा सेंटर बाहेरून शॉट मारणारा असला की सगळं गणित फिसकटतं. आपला सेंटर त्याच्यामागं रेषेपर्यंत बाहेर येतो, रिबाऊंड आत पडतो, तिथं तो नसतोच. अशा वेळी आउटलेटची वाट बघू नये. ज्या गार्डच्या हातात बॉल येईल त्यानंच ड्रिबल करत निघायचं. सेंटर बाहेर असल्यानं उलट चार-पाच मीटर पुढूनच सुटतो आणि पहिला पोचू शकतो. हे कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात साडेपाच फुटी गार्डांना रिबाऊंडला अंग लावायची सवय नाही, ते उडी मारून बॉलची वाट बघतात. फुटबॉलमध्ये हेडरसाठी जागा धरतात तशी धरायला सांगितल्यावर थोडं समजलं. सराव मात्र अजून हवा, आणि पेठेच्या संघाची मॅच शाहू स्टेडियमवर असली की त्या दिवशी गार्ड सरावाला येत नाहीत.

दुसरी अडचण हुशार प्रतिस्पर्ध्यांची. त्यांना आउटलेट कळलं की शॉट मारल्यावर ते एक माणूस सेंटरला चिकटवतात आणि एक आउटलेटच्या जागेवर पाठवतात. त्यांचे दोघे पुढं अडकले की मागं तिघेच उरतात, म्हणजे लांब पास उघडा असतो. पण तो २० मीटरचा पास या सेंटरच्या हातून दहात चार-पाच वेळाच नीट पडतो. सध्याचा निर्णय असा की विद्यापीठाच्या झोनल सामन्यांपर्यंत त्यानं लांब पास द्यायचाच नाही. एक ड्रिबल, बाजूला, आणि मध्याकडं कापणाऱ्या गार्डला पास. लांब फेक सरावात रोज पंधरा. दहात सात पडायला लागले की सामन्यात परवानगी.